दारापुढचे पेव्हर: भट्टीची वीट, चकचकीत ब्लॉक की मशिनचा ब्लॉक?

प्रश्न थोडक्यात असा. नेरूळला सिडकोचं जुनं रो-हाऊस, दारापुढे १२ फूट बाय २२ फूट मोकळी जागा. जुना कोबा फुटलाय, मध्ये खोलगट झालाय, पावसात डबकं साचतं. रोज एक छोटी गाडी उभी असते आणि मुलगा पुण्याहून आला की त्याची एसयूव्ही. ताईंना मुरबाडच्या माहेरच्या अंगणासारखं लाल विटांचं हवंय. तीन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणाला भट्टीच्या विटाच उभ्या लावू. दुसऱ्याने चकचकीत लाल ब्लॉकचा फोटो पाठवला. तिसरा म्हणाला, राखाडी झिगझॅग, ६० एमएम, तोही आहे त्या कोब्यावरच बसवतो, खोदाईची कटकट नको. कोणाचं ऐकायचं?

ताई, ऐका तिघांचंही, पण ॲडव्हान्स अजून कोणाला देऊ नका.

आधी विटांचं बोलू, कारण मन तिथे अडकलंय आणि मीही एकदा तिथेच फसलोय. ठाण्यात कामाला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत कोलशेतच्या एका बंगल्यापुढे मालकाच्या हट्टाने भट्टीच्या विटा उभ्या लावून दिल्या होत्या. मे महिन्यात काम झालं, इतकं देखणं दिसत होतं की मी स्वतः फोटो काढून ठेवले. गणपतीला दर्शनाला गेलो तर गाडीच्या चाकांचे दोन पट्टे पडलेले. विटांच्या कडा गेलेल्या, वर लाल सुरकी (विटांची भुकटी) आणि उरलेल्या जागेवर हिरवं शेवाळ. मालक काही बोलले नाहीत, हातात मोदकाची प्लेट दिली. ते जास्त लागलं. दिवाळीनंतर माझ्या खर्चाने सगळं उपटून परत केलं.

दोष विटांचा नव्हता. भिवंडी, शहापूर, मुरबाड भागातली भट्टीची वीट भिंतीसाठी असते. ती गिलाव्याच्या आत सुखाने राहते. आच कमी, माती सच्छिद्र. आयएस १०७७ या भारतीय मानकात साध्या विटेला २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे, म्हणजे ३ किलोची वीट ६०० ग्रॅम पाणी पिऊन बसली तरी ती नियमात बसते. आपल्याकडे चार महिन्यांत २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ओली वीट, वर टायर, मध्ये वाळूचा कण. जात्यात दळल्यासारखंच होतं.

फरसबंदीची खरी वीट वेगळी. ती जास्त आचेवर, दगडासारखी होईपर्यंत भाजलेली असते, दोन एकमेकींवर आपटल्या तर घंटेसारखा आवाज येतो. तिचा रंग आरपार मातीचाच असतो, म्हणून उन्हाने उडत नाही. कर्नाटक-केरळकडून येते. तुमची जागा २६४ चौरस फूट. एवढ्याशा कामाला गाडीभाड्याचाच खर्च अंगावर येतो. परवडत असेल तर जरूर घ्या, तिच्यासारखं दुसरं काही दिसत नाही. नसेल परवडत तर माहेरच्या विटा तुळशीभोवती आणि झाडांच्या आळ्यांना लावा. चाक जाणार नाही तिथे त्या वर्षानुवर्षं टिकतील.

आता चकचकीत ब्लॉक. हा रबराच्या किंवा प्लास्टिकच्या साच्यात पातळ काँक्रीट ओतून, थरथरत्या टेबलावर बसवून काढतात. साचा गुळगुळीत, म्हणून ब्लॉकचं तोंडही आरशासारखं. शोरूममध्ये तो भाव खाऊन जातो. पण त्याचं माप साचा जुना होईल तसं दोन-तीन एमएमने इकडेतिकडे होतं, मग सांधे वाकडे येतात. आणि पावसात तो निसरडा होतो, हे मुख्य. नमुना घरी आणा, बादलीभर पाणी ओता, थोडा साबणाचा फेस टाका आणि घरातल्या रबरी सपातेने त्यावर पाय घासून बघा. शेवाळ धरल्यावर काय होईल ते तिथेच कळेल. तुमच्या घरी नातवंडं येतात, तुम्ही स्वतः साठीच्या पुढच्या. पोर्चच्या पत्र्याखाली, जिथे पाऊस येत नाही, तिथे एक वेळ चालेल. उघड्यावर मी तो लावत नाही.

राहिला मशिनचा ब्लॉक. यात काँक्रीट जवळजवळ कोरडं असतं, हातात दाबलं तर लाडवासारखं उभं राहील इतपत ओल. ते साच्यात कंपन आणि हायड्रॉलिक दाब देऊन ठेचतात. तोंड खरबरीत राहतं, माप नेमकं येतं. तुमच्या कामाला हाच. तिसऱ्या ठेकेदाराने ब्लॉक बरोबर सांगितला. बसवायची जागा चुकीची सांगितली, त्यावर येतोच.

जाडी किती? काँक्रीट पेव्हरचं मानक आयएस १५६५८. त्याच्या २००६ च्या आवृत्तीत सरळ हिशेब आहे: नुसतं चालायला ५० एमएम आणि एम-३० (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत), कार पार्किंग व वसाहतीतल्या रस्त्यांना ६० एमएम आणि एम-३५, शहरातल्या रस्त्याला ८० एमएम आणि एम-४०, त्यापुढे बस टर्मिनलला १०० आणि बंदरातल्या कंटेनर यार्डाला १२०. तुम्हाला ६० पुरे. ‘८० घ्या, मजबूत’ असं कोणी सांगितलं तर विचारा, कशासाठी? घोडबंदर रोडला बंगल्याच्या आवारात पाण्याचा टँकर आत घेतात तिथे मी ८० च्या खाली जात नाही, कारण १० हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन, वर गाडीचं वजन वेगळं. तुमच्या १२ फुटी दारातून टँकर येणार नाही. खालची जमीन खचली तर ८० चा ब्लॉकही ६० इतक्याच इमानाने खाली जातो. तो वरचा खर्च मातीत घाला, खरोखर मातीत.

ठेकेदार ‘एम-३५ आहे’ म्हणेल, बिलावरही लिहील. तपासायला प्रयोगशाळा असतात, पण २६४ फुटांसाठी कोणी जात नाही. मग किराणावाल्याचा काटा वापरा. २०० बाय १०० बाय ६० एमएमचा ब्लॉक म्हणजे १.२ लिटर काँक्रीट. चांगलं दाबलेलं काँक्रीट लिटरला २.३ ते २.४ किलो भरतं, म्हणजे ब्लॉक साधारण २.७५ ते २.९ किलो हवा. अडीच किलोच्या आसपास आला तर आत हवा विकत घेताय. मग तोच ब्लॉक दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा आणि परत काट्यावर ठेवा. मानकात सरासरी ६ टक्के शोषण चालतं, म्हणजे १७० ग्रॅमपर्यंत वाढ. ३०० ग्रॅम वाढला तर गाडी परत पाठवा. घरगुती उन्हात ब्लॉक प्रयोगशाळेतल्या भट्टीइतका सुकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातलं शोषण तुमच्या काट्यापेक्षा थोडं जास्तच असणार हे लक्षात ठेवा. मी स्वतः टेम्पोतल्या वरच्या थरातला नमुना कधी घेत नाही, खालून तिसऱ्या-चौथ्या थरातला काढायला लावतो. बिगारी वैतागतात, वैतागू देत.

एक ब्लॉक फोडूनही बघा. रंगीत ब्लॉक बहुतेक दोन थरांचे असतात, वर रंगाचा आणि खाली साधा राखाडी. रंगाचा थर बोटाच्या पेरापेक्षा पातळ असला तरी ६-७ एमएम तरी हवा आणि खालच्या थराला एकजीव चिकटलेला हवा. फोडल्यावर पापुद्र्यासारखा सुटला तर नको. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, तो टिकतो. काळ्याचं जरा जपून. ऐरोलीच्या एका सोसायटीत आम्हाला एका कारखान्याने काळे म्हणून दिलेले ब्लॉक दोन पावसाळ्यांत राखेच्या रंगाचे झाले. त्यात काजळीचा स्वस्त रंग होता, तो धुपून गेला. पहिल्या वर्षी ब्लॉकवर पांढरी पूड फुलली तर मात्र घाबरू नका. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, पावसाने हळूहळू जातो. ती घालवायला ॲसिड टाकू नका, सिमेंटच खाल्लं जातं.

ब्लॉक ओलसर, गडद, हाताला गार लागत असेल तर तो परवाच साच्यातून निघालाय. एप्रिलमध्ये मागणी चढली की असं होतं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, निदान तीन आठवडे जुना माल मागा.

आकाराचं. झिगझॅग एकमेकांत दात घालून बसतो, त्यामुळे मिस्त्री जरा कच्चा असला तरी निभावतं. पण तुम्हाला विटांचा भास हवाय, तर २०० बाय १०० चा साधा चौकोनी लाल ब्लॉक घ्या आणि हेरिंगबोनमध्ये लावून घ्या, म्हणजे एक आडवा, त्याला काटकोनात एक उभा, माशाच्या काट्यासारखा. हा नखरा नाही. भिंतीसारख्या सरळ ओळी लावल्या की ब्रेक मारताना आणि जागच्या जागी स्टिअरिंग पिळताना अख्खी ओळच सरकते. हेरिंगबोनमध्ये प्रत्येक ब्लॉकला दुसऱ्या दिशेचा शेजारी अडवून धरतो. ४५ अंशात लावला तर आणखी चांगला, पण कडेला कटिंग फार होतं, माल वाया जातो. तुमच्या अरुंद जागेत ९० अंशाचा पुरे, कडेने एक सरळ पट्टी. चौरस फुटाला ४.६५ ब्लॉक लागतात, २६४ फुटांना सव्वाबाराशे, तुटफूट धरून १३०० मागवा. हे पावणेचार टन वजन आहे. ‘छोटा हत्तीत एका फेरीत आणतो’ म्हणणाऱ्याला पाच फेऱ्यांचं भाडं आधीच ठरवायला सांगा.

आता कोबा, आणि त्याखालचं.

पेव्हर ब्लॉकचं नाव आपल्याकडे खराब झालं ते रस्त्यांवरच्या खड्ड्यांमुळे. डांबरात खड्डा, त्यात चार ब्लॉक कोंबले, कडेला आधार नाही, खाली चिखल. आठवड्यात ब्लॉक डोकं वर काढतात आणि दुचाकीवाला पडतो. लोक म्हणतात ब्लॉकच वाईट. काँक्रीटचे हे ब्लॉक दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रुळले. तिथे समुद्र हटवून मिळवलेली जमीन, सतत खचणारी. खचलं की उचला, खाली भर घाला, तेच ब्लॉक परत लावा, हा त्यांचा हिशेब होता. आणि नवी मुंबई? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या भातखाचरांवर, मिठागरांवर भराव टाकून नोड, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या वसाहती, उभे राहिले. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून धरायला ठेवलेले धारण तलावही डच पद्धतीचेच. त्यामुळे हा ब्लॉक इथे खरा शोभतो, फक्त त्याच्या पद्धतीने बसवला पाहिजे.

नेरूळमध्ये डोंगराच्या बाजूला मुरूम लागतो, खाडीच्या बाजूला काळा गाळ. तुमचं घर कुठल्या बाजूला ते तुम्ही लिहिलं नाही, पण ते कळायला अभियंता नको. जिथे डबकं साचतं तिथला कोबा फोडून दोन फूट खड्डा खणायला सांगा. वाशीला एका रो-हाऊसपुढे मी असा खड्डा घेतला. वर चार इंच कोबा, खाली वीतभर पोकळी (हात आत गेला), मग विटांचे तुकडे आणि बांधकामाचा राडारोडा आणि त्याखाली निळसर काळा गाळ, त्यात बोटाच्या नखाएवढे पांढरे शिंपले. गाळाचा गोळा करून दाबला तर बोटांचे ठसे उमटले, पाणी बोटांमधून आलं. घरमालक तीस वर्षं त्या पोकळीवर गाडी लावत होते.

ती पोकळी कशाने झाली म्हणाल, तर थोडी खचण्याने आणि बरीचशी घुशींनी. गटारातून येतात, कोब्याखाली घर करतात. नवी मुंबईत जमिनीचं काम करणाऱ्याने घुशीचा विचार केला नाही तर त्याचं काम घूसच तपासते. कडेच्या भिंतीलगत आणि गटाराच्या बाजूला बिळं दिसली तर आधी दगड-काँक्रीटने बुजवा, मगच पुढे जा.

म्हणून कोब्यावर ब्लॉक नको. सळईने ठोकून बघा, जिथे डबडब आवाज येईल तिथे खाली काही नाही. शिवाय ब्लॉक आणि वाळू मिळून साडेतीन-चार इंच उंची वाढणार: तुमचं फाटक आत उघडत असेल तर ते अडकेल, पायरीची उंची जाईल, मोठ्या पावसात पाणी उंबऱ्याकडे वळेल. आणि सांध्यांतून खाली गेलेलं पाणी कोब्यावर अडून राहील. वरून चाक गेलं की वाळूसकट ते पिचकारीसारखं वर येतं. दोन पावसाळ्यांत ब्लॉक हलायला लागतात. कोबा खणखणीत, उताराचा आणि अखंड असेल तर त्याला मध्ये मध्ये भोकं पाडून खडीने भरून काम करता येतं, मी केलंय. तुमचा खोलगट झालाय, तेव्हा तो काढायचाच.

काढल्यावर मुरूम लागला तर दहा इंच खोदाई पुरते. गाळ लागला तर फूट ते सव्वा फूट जा आणि तळाला जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा. ते पाणी जाऊ देतं, पण गाळ खडीत चढू देत नाही. हा खर्च ठेकेदार स्वतःहून सांगणार नाही, मागा. त्यावर काळ्या दगडाची खडी आणि कच मिसळलेलं जीएसबी (पायाचा थर), दाबून सहा इंच, गाळावर नऊ. सहा इंचांचा हिशेब केला तर १३२ घनफूट, म्हणजे १.३ ब्रास दाबलेलं. दाबल्यावर ते बसतं, म्हणून १.६ ते १.७ ब्रास मागवावं लागतं. एकदम ओतून वरून लोळवू नका, दोन-तीन थरांत, पाणी शिंपडून, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत ठोकणारं यंत्र). धुरमुसाने कोपरे करा, पूर्ण जागा नाही. कॉम्पॅक्टर दिवसाच्या भाड्याने मिळतो, ‘माझी माणसं ठोकतील’ हे ऐकून घेऊ नका. थर नीट बसला की बुटाची टाच मारली तरी खूण उठत नाही. मी टाचेवरच पास करतो.

त्यावर एक ते सव्वा इंच वाळू. नदीची वाळू विसरा, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) घ्या, पण धुतलेली. इथे बहुतेक जण खाणीची डस्ट पसरतात, स्वस्त पडते. डस्टमध्ये पिठासारखा भाग फार, तो पाणी धरून ठेवतो आणि पावसात त्याचा लगदा होतो. वाळूत सिमेंट मिसळायचाही आपल्या मिस्त्रींना मोह असतो. नको म्हणा. तो कडक पापुद्रा खाली जमीन हलली की तडकतो आणि उद्या गॅसची पाइपलाइन किंवा केबल टाकायला ब्लॉक उचलायचे झाले तर निम्मे फुटतात. दोन पाइप ठेवून त्यावर रंधा ओढून वाळू सारखी करायची आणि मग त्यावर पाय द्यायचा नाही. बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहूनच पुढचा ब्लॉक लावायचा.

कडा बांधल्याशिवाय पहिला ब्लॉक लावू देऊ नका. दोन बाजूंना कंपाउंडची भिंत असेल, पण फाटकाची बाजू उघडी असते आणि गाडीचा सगळा जोर तिथेच येतो. तिथे काँक्रीटची पट्टी किंवा कर्ब, पाया खडीपर्यंत नेलेला.

उतार फुटाला पाव इंच. २२ फूट लांबीला साडेपाच इंच होतात, तेवढी उंची तुमच्याकडे बहुधा नाही. म्हणून ढाळ रुंदीत द्या: १२ फुटांना तीन इंच, घराच्या भिंतीपासून दूर आणि कंपाउंडलगत जाळीचं छोटं गटार. गाडी तीन इंच कलती उभी राहील, कोणाच्या लक्षातही येत नाही. फाटकाबाहेर रॅम्प करताना महापालिकेचं गटार मात्र बुजवू नका. ती जागा आपली नाही आणि तुंबलं की पाणी पहिलं तुमच्याच दारात.

सांधा दोन ते चार एमएम. ब्लॉक लावून झाले की वरून कॉम्पॅक्टर (प्लेटखाली रबर किंवा जाड गोणपाट घालून, नाहीतर कडा उडतात), मग कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत, परत कॉम्पॅक्टर, परत वाळू. इथे घाई करणारे फार. लाल सिमेंटने सांधे भरून ‘पॉइंटिंग’ करू देऊ नका. ब्लॉकची पकड या वाळूच्या घर्षणात आहे. पहिल्या चार पावसांत ती थोडी खाली बसेल, एक गोण राखून ठेवा आणि उघडीप मिळाली की परत भरा. मुंग्या थोडी उकरून वर आणतीलच.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. होळीला मजूर गावी जातात आणि मेमध्ये सुरू केलेलं काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस गाठतो, मग उघड्या खड्ड्यात तळं. गाळावर नवी भर घालावी लागली तर मी एक गोष्ट सुचवेन, जी ठेकेदाराला आवडत नाही: खडीपर्यंतचं काम मेमध्ये करा, एक पावसाळा त्यावरच गाडी लावा, जे बसायचं ते बसू दे आणि ब्लॉक ऑक्टोबरच्या उन्हात लावा. गणपतीत अंगण जरा ओबडधोबड दिसेल.

शेवाळासाठी पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि काथ्याचा ब्रश. प्रेशरचा पाइप वापरलात तर सांध्यांत सरळ मारू नका. आंब्याचं किंवा शेवग्याचं झाड असेल तर बुंध्याभोवती हात-दीड हात माती मोकळी ठेवा.

आणि दोन गोष्टी मिस्त्री येण्याआधीच ठरवा. उंबऱ्यापुढे दीड फूट रुंदीची कोट्याची लादी बसवायला सांगा, खरबरीत ब्लॉकवर रांगोळीची रेघ धड उमटत नाही आणि दिवाळीत तुम्हीच मला शिव्या द्याल. दुसरं, सिडकोच्या रो-हाऊसपुढे बहुतेक ड्रेनेजचं चेंबर असतं. त्याचं झाकण नव्या पातळीला उचलून घ्यावं लागेल, चौकट ब्लॉकच्या मापात बसेल अशी. ते आजच फुटपट्टीने मोजून कागदावर लिहून ठेवा.